‘बुलशिट’ : खोटं नव्हे, मग काय?

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सभागृहात हा शब्द उच्चारावा का? पण आपली नातवंडं तो दिवसातून दहा वेळा म्हणतात. अर्थ विचारला तर ‘आजोबा, म्हणजे बकवास’ एवढंच सांगतात. शब्दशः अर्थ बैलाचं शेण. त्याचा आपल्याला उपयोग नाही. आपण शेणाने अंगण सारवत आलो.

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने या शब्दावर 1986 साली एक निबंध लिहिला. 2005 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने त्याचं छोटेखानी पुस्तक केलं आणि ते धडाधड खपलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : खोटं बोलणाऱ्याला सत्याची पर्वा असते. सत्य काय हे त्याला ठाऊक असतं, म्हणूनच तो ते लपवू शकतो. बुलशिट करणाऱ्याला मात्र आपलं बोलणं खरं की खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं. त्याला फक्त छाप पाडायची असते. म्हणून तो सत्याचा जास्त मोठा शत्रू.

मराठीत याला शब्द आहे का? ‘थाप’ नव्हे, थाप मारणाऱ्याला ती थाप आहे हे माहीत असतं. ‘फेकणं’ जवळचं वाटतं. फेकणारा नेम धरत नाही. लागलं तर लागलं.

आता फ्रँकफर्टचं कुठे चुकतं ते पाहू. तो विट्गेनस्टाइनची एक गोष्ट घेतो. 1930 च्या दशकात केंब्रिजमध्ये फानिया पास्कल नावाच्या बाई त्याला रशियन शिकवत. त्यांच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाडीखाली आलेल्या कुत्र्यासारखं वाटतंय, असं त्या म्हणाल्या. विट्गेनस्टाइन वैतागला : अशा कुत्र्याला काय वाटतं हे तुम्हाला काय ठाऊक! कदाचित तो थट्टाही करत असेल, हे फ्रँकफर्ट मान्य करतो. पण बेपर्वाईचा नमुना म्हणून उदाहरण वापरतोच. मला हे पटत नाही. ‘अंग ठेचून काढल्यासारखं झालंय’ असं आपण म्हणतो तेव्हा ती माहिती नसते, ते कण्हणं असतं. वेदनेचे उद्गार म्हणजे वर्णन नव्हे, हे तर पुढे विट्गेनस्टाइननेच शिकवलं!

दुसरा आक्षेप ऑक्सफर्डच्या जी. ए. कोहेन यांचा, 2002 मधला. ते म्हणतात, बोलणाऱ्याचं मन कशाला तपासता, मजकूर तपासा. काही विद्वान अत्यंत प्रामाणिकपणे असं लिहितात की ते स्पष्ट करायला गेलं तर हाती काहीच उरत नाही. कोहेन स्वतः तरुणपणी आल्थुसेरच्या प्रभावाखाली होते. त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

मग दोघांत बरोबर कोण? इथे मला एक कबुली द्यावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विद्यार्थिनीने नागार्जुनाबद्दल प्रश्न विचारला. मी तेव्हा मूळ ग्रंथ वाचला नव्हता. तरी दहा मिनिटं बोललो, छान बोललो. त्यातलं काही बरोबरही असेल. पण बरोबर की चूक याची त्या दहा मिनिटांत मला फिकीर नव्हती. वर्गापुढे फजिती होऊ नये, एवढीच होती. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

कोहेनच्या कसोटीत मी सुटलो असतो, कारण वाक्यं स्पष्ट होती. फ्रँकफर्टने मला पकडलं असतं. पण त्या मुलीला माझं मन कुठे दिसत होतं? ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शब्द असतात. ही फ्रँकफर्टच्या सिद्धान्ताची खरी मर्यादा आहे : तो बोलणाऱ्याचा दोष दाखवतो, पण ऐकणाऱ्याला शस्त्र देत नाही.

शस्त्र एकच आहे : ‘सर, हे तुम्हाला कसं माहीत?’ हा प्रश्न. आमच्या वर्गात तो विचारायची पद्धत नव्हती. उद्धटपणा समजला जाई. फ्रँकफर्टच म्हणतो, की माहीत नसलेल्या विषयावर बोलणं भाग पडतं तेव्हा हा प्रकार अटळ होतो. तो अटळ आम्हीच केला, कारण ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द आम्ही मास्तरला वर्ज्य ठरवले होते.

आज ते शब्द मला जमतात. उशिरा जमले. तेव्हा आता प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न तोच विचारलात तरी चालेल.