'ऊन पाऊस' आणि आपली घरे

आपल्या सीमाभागातील जुन्या मराठी घरांत चित्रपटाचा विषय निघाला की बोलणे फिरून राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीपाशी येऊन थांबते. सहकुटुंब पाहावा असा चित्रपट आता होत नाही, हा उद्गारही त्यापाठोपाठ ठरलेला असतो. त्यातील खंत खरी आहे; निदान मात्र तपासून पाहिले पाहिजे.

ते चित्रपट सोज्वळ होते म्हणून मोठे होते, अशी आपली समजूत आहे. वास्तविक सोज्वळपणा हा त्यांचा सर्वांत लहान गुण. 'लाखाची गोष्ट' (१९५२) मध्ये ठरावीक मुदतीत लाख रुपये खर्च करण्याची अट घातली जाते आणि हसता हसता पैशाचे पोकळपण उघडे पडते. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधील निराधार नायक आणि आंधळी मुलगी यांचा स्नेह दारिद्र्याला न झाकता फुलतो. 'ऊन पाऊस' (१९५४) तर वृद्ध आईवडिलांची मुलांच्या संसारात होणारी परवड सांगतो. येथे खलनायक बाहेरून यावा लागत नाही. तो सोयीच्या रूपाने घरातच वावरत असतो. घरात पैशाचा ताण आला म्हणजे माणुसकीचे काय होते, हा प्रश्न या चित्रपटांनी टाळला नाही, हे त्यांचे खरे मोठेपण.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. १९५८ मध्ये बी. आर. पंतुलु यांचा 'स्कूल मास्टर' हा कन्नड चित्रपट आला. त्यातही वृद्ध शिक्षक, त्यांची पत्नी आणि पाठ फिरविणारी मुले हाच विषय होता. राज्यांच्या वाटणीनंतरही ते दुःख दोन्ही भाषांच्या घरांत सारखेच राहिले. हे मान्य केल्याने आपला भाषेचा आग्रह उणावत नाही. उलट, सालसपणा ही केवळ आपल्याच भाषेची मिरास होती, हा अभिमान तेवढा गळून पडतो.

आपल्या आठवणीतही निवड आहे. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा तमाशापट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याच माने यांनी, त्यात भूमिका केलेल्या जयश्री गडकर यांना घेऊन, 'मानिनी' (१९६१) हा कौटुंबिक चित्रपट दिला. एकाच दिग्दर्शकाची आणि एकाच अभिनेत्रीची ही दोन रूपे. आपण मात्र घरात सांगण्याजोगे तेवढेच युगाच्या नावावर जमा केले.

आणखी एक उणीव नमूद करणे प्राप्त आहे. 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) पाहताना आपले डोळे पाणावतात. परंतु या घरांचा सलोखा बहुधा स्त्रीच्या त्यागावरच उभा असतो आणि त्या त्यागाचा हिशेब कोणी मागत नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या मिळकतीवर कितीतरी चुली पेटल्या. कोल्हापूरची चित्रनगरी येथून अवघ्या तासाभराच्या वाटेवर. तरी मिळवत्या स्त्रीचे ते घर या कौटुंबिक चित्रपटांत जवळजवळ दिसतच नाही. पडद्यावरचे 'आपले घर' हे पुष्कळ वेळा पांढरपेशाचेच घर होते.

म्हणून ते चित्रपट बाजूला ठेवावेत, असा याचा अर्थ नव्हे. नातवंडांना ते अवश्य दाखवावेत. मात्र संस्काराचा धडा म्हणून समोर बसवू नये. चित्रपट संपल्यावर 'या घरातील शांततेची किंमत कोणी मोजली?' एवढे त्यांना विचारावे. 'ऊन पाऊस'मधील म्हाताऱ्यांची बाजू ती घेतीलच. वहिनींची आणि वखारीतल्या बाईची बाजूही त्यांनी घेतली, तर त्या युगावरील आपले प्रेम डोळस ठरेल.