पेटीत न मिळणारी अवजारे

रेडिओ-नियंत्रित गाडीचा संच उघडला की आत सुटे भाग, सूचनापुस्तिका आणि एका छोट्या पिशवीत 'एल' आकाराच्या दोन-तीन चाव्या, एक चपटा पान्हा व कधीकधी ग्रीजची नळी मिळते. एवढ्या सामग्रीवर गाडी जोडून होते, हे उत्पादकाचे म्हणणे खोटे नाही. पण जोडलेली गाडी डावीकडे का ओढते, मोटर का तापते, दातेरी चक्रे का कुरकुरतात, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पिशवीतले कोणतेही अवजार देऊ शकत नाही. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. अवजारे दोन जातींची असतात. काही काम करतात, काही माहिती सांगतात. या छंदात पैसा पहिल्या जातीवर खर्च होतो आणि शिकणे घडते ते दुसऱ्या जातीमुळे.

ज्यांना हा छंद अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडेसे. ही खेळण्याच्या दुकानातली, बिघडली की टाकून द्यायची गाडी नव्हे. साधारण दीड किलो वजनाची, हातभर लांबीची, खऱ्या मोटारीच्या एक दशांश प्रमाणातली ही गाडी असते. तिला स्प्रिंगा असतात, तेल भरलेले शॉक-अॅब्सॉर्बर असतात, डिफरन्शियल असते आणि प्रत्येक भाग सुटा मिळतो. जपानच्या तामिया कंपनीने 1976 मध्ये पोर्शे 934 ची अशी गाडी बाजारात आणली आणि पुढे हा छंद जगभर पसरला. आपल्याकडे तो महागच राहिला. तरीही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्पर्धांमधून आणि आता शाळांमधल्या प्रयोगखोल्यांतून या गाड्या दिसू लागल्या आहेत. 2016 मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेच्या साहित्य-यादीत यांत्रिक, विद्युत आणि मापनाच्या साधनांसाठी वेगळा गटच आहे. म्हणजे यादी करणाऱ्यांना या साधनांचे महत्त्व कळत होते. कपाटातून ती बाहेर का येत नाहीत, हा प्रश्न आपला, शिक्षकांचा आहे.

शिवडीतील काही शाळकरी मुलांबरोबर सुट्टीत अशा गाड्यांवर काम करताना पुढील निरीक्षणे जमत गेली. शिवडी मुद्दाम सांगतो, कारण खाडीकाठच्या दमट, खारट हवेत या गाड्यांचे दोष लवकर उघडे पडतात. पोलादी बेअरिंगे एका पावसाळ्यात गंजून खरखरू लागतात आणि मालट्रकांनी उडवलेली बारीक धूळ ग्रीजमध्ये मिसळून तिची पॉलिश-पेस्ट होते. अशा ठिकाणी गाडी पुनःपुन्हा उघडावी लागते, आणि ती उघडताना पहिले भांडण होते स्क्रूशी.

'स्क्रू स्लिप झाला' अशी तक्रार आली की मुलांचा संशय स्क्रूच्या धातूवर असतो. बहुतेक वेळा गुन्हेगार स्क्रूड्रायव्हर असतो. अधिक-चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत आले. जपानी गाड्यांतील स्क्रू दिसायला तसेच, पण खाच जपानी मानकाची. तिच्यात फिलिप्सचे टोक तळापर्यंत बसत नाही, जोर लावताच वर उचलले जाते आणि खाच खाऊन टाकते. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या माथ्यावर एक बारीक टिंब असते, ते पाहण्याची सवय लावावी. दुसरी कसोटी अशी: स्क्रू टोकावर अडकवून स्क्रूड्रायव्हर आडवा धरा. चुंबकाच्या मदतीशिवाय स्क्रू टिकला तर जोडी जमली. षट्कोनी खाचांचेही तेच. जुन्या अमेरिकी गाड्यांत 1/16 इंची, म्हणजे 1.59 मिलिमीटरची खाच असते आणि तीत आपण 1.5 मिलिमीटरची चावी घालतो. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण सगळा जोर सहा कोपऱ्यांवरच येत असल्याने तेवढा कोपरे गोल करायला पुरतो. संचात मिळणारी मऊ पोलादाची चावी आधीच गोलसर झालेली असेल तर बोलायलाच नको. ती चावी मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगतो.

हा दहाव्या भागाहून कमी फरक डोळ्याला दिसत नाही, आणि इथे व्हर्निअर कॅलिपरची गाठ पडते. व्हर्निअरवर आपण फार अन्याय केला आहे. अकरावीला तो प्रात्यक्षिकाचा पहिला किंवा दुसरा प्रयोग असतो. दिलेल्या वृत्तचितीचा व्यास मोजायचा, लघुतम माप लिहायचे, शून्यत्रुटी वजा करायची, तीन वाचनांची सरासरी काढायची आणि जर्नलवर सही घ्यायची. त्या वृत्तचितीच्या व्यासावर जगात काहीही अवलंबून नसते. विद्यार्थ्याला हे बरोबर कळते, म्हणून तो शेजाऱ्याचे आकडे उतरवून घेतो.

आता हे उदाहरण पाहा. मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चक्र, म्हणजे पिनिअन, बदलायचे आहे. दुकानात वीस दात्यांची दोन पिनिअन आहेत. एक 0.6 मोड्यूलचे, दुसरे 48 पिचचे. मोड्यूल म्हणजे चक्राचा पिच-व्यास भागिले दात्यांची संख्या. पिच म्हणजे एक इंच व्यासामागे किती दाते, म्हणून 48 पिचचे मोड्यूल 25.4 भागिले 48, म्हणजे सुमारे 0.53. नुसत्या दात्यांकडे बघून 0.53 आणि 0.6 वेगळे ओळखणे कठीण. पण चक्राचा बाहेरचा व्यास असतो मोड्यूल गुणिले (दाते अधिक दोन). पहिल्याचा 13.2 मिलिमीटर, दुसऱ्याचा 11.6. व्हर्निअर लावला की पाच सेकंदांत निवाडा होतो. न लावता चुकीचे चक्र बसवले तर प्लॅस्टिकच्या मोठ्या चक्राचे दाते थोड्याच वेळात भुगा होऊन बाहेर पडतात. मापनातील चूक कशी असते, हे त्या भुग्याइतके स्पष्ट कोणतीही सरासरी सांगत नाही.

योग्य पिनिअन मिळाले तरी दोन चक्रांमध्ये फट किती ठेवायची हा प्रश्न उरतो. फारच घट्ट बसवली तर मोटर तापते, सैल बसवली तर दाते तुटतात. या कामाचे सर्वोत्तम अवजार फुकट आहे: वहीच्या कागदाची पट्टी. ती दोन चक्रांमध्ये धरायची, मोटर सरकवून दाबायची, स्क्रू आवळायचे आणि चक्र फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी घड्या पडल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. कागदाची जाडी किती, हे मुलांनाच काढू द्या. पाचशे कागदांच्या रिमची उंची साधारण पाच सेंटिमीटर भरते, म्हणजे एक कागद मिलिमीटरचा दहावा भाग. स्क्रू गेजने एकच कागद मोजून हे उत्तर पडताळता येते.

या युक्तीला आपल्या परिसरात एक मोठा वंशवृक्ष आहे. गिरण्यांच्या कार्डिंग खात्यात मोठा सिलिंडर आणि त्याच्यावरचे तारांचे फ्लॅट यांच्यातली फट इंचाच्या काही हजारांश भागांत, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास राखावी लागे. त्यासाठी फिटर पातळ पोलादी पात्यांचा गेज वापरत. पाते फटीत सरकवायचे आणि ते किती ओढून धरते ते बोटांनी ओळखायचे. शिवडीच्या स्वान मिलपासून लालबाग-परळच्या गिरण्यांपर्यंत हे ज्ञान शेकडो हातांत होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्या हातांना कोणी शाळेत बोलावले नाही. आजही या भागातल्या एखाद्या घरात माळ्यावर असा पात्यांचा गेज सापडू शकेल, आणि तो वापरणारे आजोबाही. दोघांनाही वर्गात आणावे.

सर्वांत दुर्लक्षित अवजार मात्र स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आहे. त्याच्या जोडीला खिडकीच्या काचेचा एक जाड तुकडा हवा, कडा घासून बोथट केलेला. सपाट पृष्ठभाग म्हणून काचेइतके चांगले आणि स्वस्त काही नाही. फरशी सपाट दिसते, असत नाही. एका चाकाखाली काटा ठेवायचा आणि उरलेल्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीचे ठोकळे, आणि पाळीपाळीने चारही चाकांचा भार नोंदवायचा. समजा आकडे असे आले: पुढचे डावे 370 ग्रॅम, पुढचे उजवे 320, मागचे डावे 385, मागचे उजवे 425. एकूण 1500. मागच्या दोन चाकांवर 810 ग्रॅम. दोन आसांतले अंतर 257 मिलिमीटर असेल तर गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून 257 गुणिले 810 भागिले 1500, म्हणजे सुमारे 139 मिलिमीटर मागे आहे. पुठ्ठ्याचा तुकडा टाचणीवर टांगून गुरुत्वमध्य काढण्यापेक्षा हे कितीतरी जिवंत आहे, कारण बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली की उत्तर बदलते आणि गाडीचे वळणेही बदलते.

आणखी पुढे जाता येते. डाव्या बाजूची बेरीज 755, उजवीची 745. गाडी समतोल आहे असे वाटते. आता कर्णांची बेरीज करा. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून 795, दुसरा कर्ण 705. नव्वद ग्रॅमचा फरक. ही गाडी एका वळणावर चिकटून जाईल आणि उलट्या वळणावर घसरेल. हा फरक गुरुत्वमध्यातून येत नाही. स्थितिशास्त्र आपल्याला तीनच समीकरणे देते, एक एकूण भाराचे आणि दोन आघूर्णांची. चाके मात्र चार. म्हणून तीन पायांचे स्टूल कुठेही स्थिर उभे राहते आणि चार पायांचे डगमगते. चौथे उत्तर स्प्रिंगा आणि सांगाड्याचा पीळ ठरवतात. सांगाडा किंचित पिळलेल्या अवस्थेत स्क्रू आवळले गेले असले तर हा दोष येतो. वरचे स्क्रू सैल करून, सांगाडा काचेवर दाबून धरून ते पुन्हा आवळले तर पुष्कळदा तो जातो. पदवीच्या पहिल्या वर्षाला 'स्थितिदृष्ट्या अनिर्धार्य रचना' म्हणून जो विषय कोरडेपणाने शिकवला जातो तो नववीतल्या मुलीला वजनकाट्यावर वाचता येतो.

हौशी बाजारात याच कामासाठी रंगीत अॅल्युमिनिअमचे सुबक गेज आणि चार काट्यांचे संच विकले जातात. ते वाईट नाहीत, सोयीचे आहेत. पण तयार खाचेत चाक बसवून आकडा वाचणाऱ्या मुलाला आपण काय मोजले हे कळतेच असे नाही. ठोकळे काट्याच्या उंचीचे का हवेत, हा प्रश्न पडणे हाच निम्मा धडा आहे. शाळेने तो संच विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट एक वस्तू मात्र विकत घेतलीच पाहिजे, आणि तिच्याविषयी मी हळू आवाजात बोलणार नाही. ती म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट वेगळा तपासणारा छोटा मापक. या बॅटरीचा पूर्ण भरलेला घट 4.2 व्होल्ट दाखवतो, आणि तो 3 व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू लागतो. दोन घटांच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला आणि 7.4 आले तर सगळे ठीक वाटते. पण ते 3.7 अधिक 3.7 असू शकते, किंवा 4.1 अधिक 3.3 सुद्धा. वर्गाची सरासरी पंचावन्न आली म्हणून सगळी मुले पास झाली असे होत नाही, तसेच हे. अशी असमतोल बॅटरी साध्या चार्जरवर एकूण विभवांतर पाहून भरली तर एक घट मर्यादेबाहेर जातो, फुगतो आणि पेटू शकतो. ही आग क्षणात भडकते. दाटीवाटीच्या चाळीत, रात्री झोपताना पलंगाखाली चार्जिंगला लावलेली बॅटरी ही कल्पना मला अस्वस्थ करते. प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारा चार्जर, धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात बॅटरी, जवळ वाळूची बादली आणि शेजारी जागा असलेला मोठा माणूस, हे चारही नसतील तर चार्जिंग करू नये. फुगलेली बॅटरी कितीही 'चालत' असली तरी वापरू नये.

तापमानाचा प्रश्न सोपा आहे, कारण साधन बहुधा शाळेत पडूनच असते. कोविडच्या काळात, 2020-21 मध्ये, फाटकावर मुलांच्या कपाळावर रोखलेले अवरक्त तापमापक आता कपाटात आहेत. त्यांतल्या अनेकांना पृष्ठभागाचे तापमान घेण्याची वेगळी कळ असते. ती नसेल तर ते शरीराच्या तापमानाच्या पट्ट्याबाहेर काहीच दाखवणार नाहीत. मोटरवर रोखताना एक काळजी घ्यावी. चकचकीत धातू अवरक्त किरण फार कमी उत्सर्जित करतो, म्हणून तापलेल्या मोटरचाही आकडा थंड येतो. तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून दोन्ही जागी वाचन घ्या आणि फरकाचे कारण मुलांना शोधू द्या. सामान्य निओडिमिअम चुंबक सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या वर चुंबकत्व गमावू लागतात, त्यामुळे हा आकडा केवळ कुतूहलाचा नाही.

खरेदीसाठी शिवडीहून हार्बरच्या गाडीने मशीद स्थानकावर उतरावे आणि नागदेवी स्ट्रीट गाठावा. अवजारांच्या त्या बाजारात मुलांना घेऊन जाणे हीच एक सहल आहे. व्हर्निअर घेताना जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरा. मध्ये पाचरीसारखी प्रकाशरेषा दिसली तर जबडे समांतर नाहीत, ते साधन परत करा. शून्यत्रुटी असेल तर मात्र हरकत नाही, ती वजा करता येते. या दोन दोषांतला फरक दुकानाच्या काउंटरवर उभे राहूनच मुलांना विचारावा. दुकानदारालाही ऐकायला आवडते.