उशीर कुठून मोजायचा?

इंग्लंडच्या कर्करुग्ण-पाहणीत एक चांगला प्रश्न आहे: निदानाआधी या त्रासासाठी डॉक्टरांकडे किती वेळा गेलात? उपचाराला झालेला उशीर त्यातून थोडाफार कळतो. पण मंडळी, दाभोशात विचारून बघा. बाई सांगेल, लावणीत गाठ हाताला लागली, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलो, होळीला परत आलो. उशीर सगळा सांगून झाला की! फॉर्मात मात्र रकाना तारखेचा; तिथं 'माहीत नाही' पडतं.

माझा मोठा आक्षेप पुढेच आहे. रुग्णालयात बसून केलेली पाहणी परळच्या टाटापर्यंत पोचलेल्यालाच विचारणार. जो जव्हारहून निघालाच नाही, त्याचं काय? बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७पासून गावोगाव जाऊन रुग्ण शोधते. तशी माणसं मोखाड्या-जव्हारात पाठवा, आणि विचारताना होळी-दिवाळीच्या हिशेबानं विचारा.