पोलादी तुळई आणि श्रेष्ठ शक्ती

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यपींची परस्परसाहाय्य संघटना १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झाली. तिचे मूळ पुस्तक १९३९ साली निघाले. सभासद त्याला ‘बिग बुक’ म्हणतात. त्यातील चौथे प्रकरण खास अज्ञेयवाद्यांसाठी आहे. त्यातला युक्तिवाद विज्ञानाचा आधार घेतो. म्हणून त्याची तपासणी करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

युक्तिवाद थोडक्यात असा : पोलादी तुळई भरीव दिसते, पण ती वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची बनलेली आहे, हे विज्ञानाचे म्हणणे आपण न पाहता मान्य करतो. मग विश्वामागे एखादी श्रेष्ठ शक्ती आहे, हे मानायला अडचण कोणती?

दहावीच्या वर्गात चर्चेला घ्यावा असाच हा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉन कोणी सांगितला म्हणून आपण मानलेला नाही. टॉमसन यांनी १८९७ साली त्याचा विद्युत्भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर मोजले, पुढे मिलिकन यांनी भार मोजला. ही मोजमापे दुसऱ्या कोणालाही करून पाहता येतात आणि ती चुकीची ठरण्याची शक्यता प्रत्येक वेळी खुली असते. याउलट संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी सहांमध्ये देवाचा किंवा श्रेष्ठ शक्तीचा उल्लेख आहे आणि ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावी, अशी मुभा आहे. ही मुभा उदार खरी, पण ज्याचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा, ते खोटे ठरणार तरी कसे?

पुस्तकाचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे : ज्यांनी अशी शक्ती मानली, त्यांची दारू सुटली. पण सुटली ती नेमकी कशाने? सभेला येणारा माणूस श्रद्धेबरोबर आणखी बरेच काही स्वीकारतो. न पिणारे नवे सोबती, अडीअडचणीला धावून येणारा जुना सभासद, दारूविना गेलेल्या दिवसांचा हिशेब, रिकाम्या संध्याकाळीचा बंदोबस्त. आपल्याकडे माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसे गावोगावी दाखवली जातात. तिथेही चारचौघांसमोर दिलेला शब्द असतो, भजनाची संगत असते आणि गुत्त्याची वाट बदललेली असते. अनेक घटक एकत्र असताना श्रेय एकालाच देणे हा प्रयोगशाळेत न चालणारा हिशेब आहे.

मात्र येथे विवेकवादी मित्रांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तर्क चुकला म्हणजे उपाय निरुपयोगी ठरला, असे होत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती होत्या. बारा पायऱ्यांशी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारानंतर वर्षअखेरीस सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण मद्यमुक्त होते. इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. हा पुरावा नाकारणे ही अंधश्रद्धाच होईल.

तर मग देव न मानणाऱ्याने काय करावे? अमेरिकेत १९७५ साली ‘विमेन फॉर सोब्रायटी’ आणि १९९४ साली ‘स्मार्ट रिकव्हरी’ अशा पर्यायी संघटना उभ्या राहिल्या. स्मार्टचा भर निश्चय टिकवणे, तलफ ओळखून ती ओसरू देणे आणि विचारांच्या सवयी बदलणे यांवर आहे. अशा गटांची बारा पायऱ्यांच्या गटांशी तुलना करणारा ६४७ व्यक्तींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्मार्टच्या बाबतीत थोडा उणेपणा दिसला. पण त्यात संपूर्ण दारूबंदीचे ध्येय ठेवणारे मुळात कमी होते. ध्येयातला हा फरक हिशेबात धरल्यावर उणेपणा उरला नाही. सभासदांनी गट आपापल्या पसंतीने निवडले होते, त्यामुळे हा निर्णायक पुरावा नव्हे. तरीही ‘श्रद्धेवाचून सुटका नाही’ हा दावा त्यापुढे टिकत नाही.

जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेला प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, मागील चौदा दिवसांत दारूला न शिवलेले या गटात ४२ टक्के होते, नेहमीच्या काळजीच्या गटात १८ टक्के. या बैठकांत देवाची गरज भासली नाही. मात्र हे पुरुष घातक प्रमाणात पिणारे होते, पूर्ण आहारी गेलेले नव्हते. ही मर्यादा विसरू नये.

ही मर्यादा जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून शपथ असो की समुपदेशन, आधी डॉक्टर गाठला पाहिजे. डायसल्फिरॅम, नाल्ट्रेक्सोन यांसारखी औषधेही त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायची असतात.

एखाद्या विद्यार्थ्याची आई शिक्षकांकडे येऊन विचारते, “गुरुजी, यांना कुठे नेऊ?” त्या वेळी आस्तिक शिक्षकाने देवळाकडे बोट दाखवू नये आणि नास्तिकाने सभेची टिंगल करू नये. आधी दवाखाना, मग त्या माणसाला मानवेल असा गट, आणि पुन्हा घसरला तर पुन्हा तोच रस्ता, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. श्रेष्ठ शक्तीचा वाद निवांतपणे वर्गात घालता येईल. त्या घरातल्या मुलाला मात्र आजची संध्याकाळ शांत हवी आहे.