साक्ष आणि कबुली : ‘स्मृतिचित्रां’तील दोषकथन

मराठी ख्रिस्ती समाजात विश्वासाच्या आत्मकथनास ‘साक्ष’ म्हणतात. ‘कबुली’प्रमाणे हाही शब्द न्यायालयातला, परंतु साक्षीदार पाहिलेले सांगतो, कबुली देणारा आपण केलेले सांगतो. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे मुख्यतः साक्षीच्या जातीचे आहे. १८५४ मधील बाप्तिस्म्यापर्यंतचा प्रवास हा त्याचा गाभा असल्याने दोष साहजिकच मागे टाकलेल्या आयुष्याकडे जातात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४–३६) अशी सीमारेषा नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचा तापटपणा, लहरीपणा व पैशाविषयीची बेफिकिरी पुढेही तशीच दिसते. टिळक १९१९ मध्ये निवर्तले. ज्यांना उत्तर देणे शक्य नाही अशा पतीचे दोष सांगणे ही सचोटी की दोषारोप, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्तर लेखिकेच्या स्वतःविषयीच्या कथनात सापडते. पतीकडे परतल्यावरही आपण सोवळे सोडले नाही, अन्नपाण्याचा विटाळ मानला, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. १९०० मधील त्यांच्या बाप्तिस्म्यानेही स्वभाव पालटल्याचा दावा त्या करीत नाहीत. दोघांनाही माप एकच आहे.

या कथनाची भाषा धर्मोपदेशाची नसून माजघरातील आहे. तिच्यातील विनोद क्वचित दुःखाची धार बोथट करतो, ही मर्यादा मान्य करावी लागते. तथापि त्याच विनोदामुळे कबुलीला आत्मप्रौढीचे रूप येत नाही. मराठी ख्रिस्ती गद्यातील या ग्रंथाचे महत्त्व मुख्यतः येथे आहे.