पयलो अर्धो आमचो

डोंबिवलीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये ‘दशावतार’चा रात्रीचा खेळ सुटला, तेव्हा दाराशी एक मुलगा माईक घेऊन उभा होता. माझ्या पुढे सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी चालली होती. मुलाने माईक पुढे केला. ‘‘काका, कसा वाटला? पाचपैकी किती स्टार?’’ काका थबकले. बोलण्यासाठी त्यांनी हातही उचलला होता. पण मुलाला आकडा हवा होता. ‘‘साडेतीन,’’ ते म्हणाले, आणि मुलगा पुढच्या माणसाकडे वळला. जिन्यावर मात्र काका पत्नीला म्हणाले, ‘‘पयलो अर्धो आमचो, दुसरो अर्धो मुंबयचो.’’

सुबोध खानोलकरांच्या या चित्रपटावर मी पुष्कळ परीक्षणं वाचली. त्यातल्या एकानेही या सहा शब्दांइतकं नेमकं काही सांगितलेलं नाही. पूर्वार्ध बाबुली मेस्त्रीच्या हाताचा आहे. आरशासमोर बसून तोंडाला रंग लावणारा, नजर अधू झाली तरी रेघ न चुकवणारा तो हात दिलीप प्रभावळकरांनी असा काही सांभाळलाय की कोकणातल्या माणसाला त्यात आपल्या जत्रेतला नट दिसतो. उत्तरार्धात खाण येते, खलनायक येतात, अवतारांच्या वेशातला सूड येतो, आणि पडद्यावरचं गाव कथेची सोय होऊन बसतं. काकांना हे कळलं, कारण त्यांचे कान दशावतार या लोकनाट्याने तयार केलेले आहेत. लिहिलेली संहिता हातात नसताना रात्रभर उत्स्फूर्त संवाद म्हणणारे नट ज्याने ऐकले, त्याला कुठलं वाक्य मातीतून आलं आणि कुठलं बाहेरून आणून बसवलं, हे सांगावं लागत नाही. हा लेख त्या ‘साडेतीन’च्या विरोधात आणि त्या सहा शब्दांच्या बाजूने आहे.

गेल्या तीन-चार वर्षांत मराठी चित्रपटांविषयी बोलणं अतोनात वाढलं आहे. खेळ सुटायच्या आत मतं फिरू लागतात. पण सामान्य प्रेक्षकाचं स्वतःचं मत मात्र आटत चाललं आहे. सिनेमाबद्दल बोलणं हीसुद्धा एक कला आहे. ती चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत वाढली. आज ती कला कुठे उभी आहे, हे पाहायला गेलं की पहिल्यांदा कानावर येते ती छापील भाषा. ‘स्टोरी छान, ॲक्टिंग जबरदस्त, सिनेमॅटोग्राफी कमाल, बीजीएम अंगावर काटा आणणारं.’ पोस्टाच्या फॉर्मवरचे रकाने भरावेत तसे हे शब्द भरले जातात. ‘गुलकंद’ बघून आलेली बाई हेच बोलते आणि ‘जारण’ बघून आलेला मुलगाही हेच बोलतो. एक घरगुती विनोदाचा सिनेमा, दुसरा मनाच्या काळोखात उतरणारा भयपट. दोघांना सारखाच बसणारा शब्द खरं तर दोघांनाही बसत नसतो. ‘जारण’मधल्या अमृता सुभाषला बघताना आपण खुर्चीत का आक्रसलो, हे ‘ॲक्टिंग जबरदस्त’ म्हटल्याने कळत नाही, उलट झाकलं जातं.

दुसरी भाषा कोटींची. ‘सैराट’ने शंभर कोटींचा पल्ला गाठल्यापासून आपला प्रेक्षक निर्मात्याचा मुनीम झाला आहे. ‘वेड’ कसा होता, असं विचारलं की त्याने किती कमावले ते कळतं. ती रक्कम निर्मात्याच्या आणि वितरकाच्या कामाची. तिकीट काढणाऱ्याचा त्यात एक पैसाही नाही.

तिसरी भाषा घोषणांची. ‘पावनखिंड’ला आणि पुढे हिंदी ‘छावा’ला प्रेक्षागृहात गर्जना झाल्या, डोळे भरलेले चेहरे मोबाइलवर घरोघर पोचले. ती श्रद्धा आहे. तिचा मान राखावा, पण तिला चित्रपटाविषयीचं मत समजू नये. आणि प्रत्येक दृश्यात ‘लॉजिक’ हुडकत बसणाऱ्यांबद्दल इतकंच म्हणतो, की त्यांनी कोडी सोडवावीत.

यापलीकडे एक चौथी पद्धत आहे. अजून जिवंत असलेली, पण कुणी न विचारल्यामुळे जिन्यावर, पार्किंगमध्ये, घरी जाताना रिक्षात बोलली जाणारी. मी तिला साक्ष म्हणतो. या पद्धतीने बोलणारा प्रेक्षक निकाल देत नाही. आपण काय पाहिलं आणि ते पाहताना आपल्या आयुष्यातलं काय हललं, एवढंच तो सांगतो. माझ्या मते आज मराठीतली सर्वांत चांगली चित्रपटसमीक्षा हीच आहे.

‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा बायका घोळक्याने, नऊवारी नेसून, गॉगल लावून चित्रपटगृहात गेल्या. त्या गर्दीच्या बातम्या झाल्या. आम्हा समीक्षकांनी मात्र ‘मालिकेसारखा आहे’ म्हणून हात झटकले. आमचं म्हणणं खोटं नव्हतं. केदार शिंदेंच्या या सिनेमातले बरेच संवाद दिवाणखान्यातल्या मालिकेत सहज खपले असते. पण तो बघून आलेल्या एका ओळखीच्या बाईंनी मला सांगितलं, ‘‘आम्ही चौघी बहिणी एका गाडीतून परत आलो. धाकटीशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं. गाडीत कुणीच बोललं नाही. तिला सोडायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, वर ये ना, चहा टाकते.’’ यात तारे नाहीत, पण चित्रपटाचं मर्म यात आहे. मालिकांमध्ये बाईचं भांडण सहसा सासू, जाऊ, सवत यांच्याशी असतं. इथे ते बहिणीशी आहे, ज्या नात्यातून कायदेशीर सुटका नाही आणि ज्याचा राग कुणाजवळ काढता येत नाही. मंगळागौरीची स्पर्धा हे निमित्त. खरा विषय अबोल्याचा. ही गोष्ट आम्हाला दिसली नाही. त्या गाडीतल्या चौघींना दिसली.

‘आता थांबायचं नाय’चंही तसंच. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी करतात, ही शिवराज वायचळांच्या सिनेमाची गोष्ट. तिच्यावर ‘प्रेरणादायी’ असा शिक्का मारून बहुतेकांनी पुढचं पान उलटलं. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली आहे. त्या म्हणाल्या, ‘‘दिवसभर राबून रात्री वहीसमोर बसलं की अक्षरं पोहायला लागतात. भरत जाधव मला भरत जाधव वाटलाच नाही. आमच्या वॉर्डातला कुणी वाटला.’’ एका लोकप्रिय विनोदी नटाने आपली सगळी ओळख पुसून टाकणं यावर आम्ही अभिनयाचा परिच्छेद लिहितो. ताईंनी वॉर्डाचा पत्ता दिला, आणि तो परिच्छेदाहून खरा आहे.

आता ‘संथ’ या शब्दाकडे येतो, कारण साध्या प्रेक्षकावरचा सगळा राग या एका शब्दावरून काढला जातो. ‘किल्ला’ संथ, ‘कोर्ट’ संथ, ‘गोदावरी’ संथ. जाणकार हा शब्द ऐकला की कपाळाला आठ्या घालतात आणि प्रेक्षकाला संयम नाही असं ठरवून मोकळे होतात. पण रात्र रात्र कीर्तनाला बसणारा, जत्रेत पहाटेपर्यंत नाटक बघणारा हा समाज अधीर कसा? तो ‘संथ’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याला म्हणायचं असतं, की या वेळात मी काय करायचं ते मला कळलं नाही. ती तक्रार गतीबद्दल नसते, बसण्याच्या जागेबद्दल असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’नंतर एका आठवड्याने रोहन परशुराम कानवडेंचा ‘साबर बोंडं’ आपल्याकडे लागला. सनडान्सला ज्युरीचं मोठं पारितोषिक मिळवून आलेला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला शहरातला आनंद, आणि लग्नाच्या तगाद्यात सापडलेला त्याचा बालमित्र बाळ्या, यांच्यातलं प्रेम. पुण्यातल्या ज्या खेळाला मी गेलो तिथे पंधरावीस माणसं होती. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, ‘‘फार संथ आहे.’’ त्यांच्या पत्नीने चप्पल सरळ करता करता उत्तर दिलं, ‘‘संथ नाही हो, सुतक आहे. दहा दिवस घरात कुणाला काही करायचं नसतं, सगळे नुसते बसलेले असतात. तसंच आहे ते.’’

हे वाक्य ऐकून मी भारावलो, आणि ते मी मनापासून सांगतो. त्या बाईंनी चित्रपटाची लय त्याच्या विषयातून उलगडून दाखवली. प्रेम जमायला जो वेळ लागतो, तो या दोघांना सुतकानेच मिळवून दिला, हे त्यांच्या एका शब्दातून निघतं. आणि नवऱ्याचं ‘संथ’ चुकीचं होतं असंही नाही. त्यांना बसायची जागा सापडत नव्हती, ती पत्नीने दाखवली. चप्पल पायात सरकेपर्यंतच्या वेळात एक पूर्ण समीक्षा झाली. तिला माईक नव्हता म्हणून ती झाली, असं मला वाटतं.

‘सैराट’चं उदाहरण सगळ्यांच्या आठवणीत आहे. ‘झिंगाट’ला पडद्यापुढे नाचणारी माणसं शेवटी रक्ताळलेली छोटी पावलं बघून एक शब्द न बोलता बाहेर पडली. ते मुकेपण नागराज मंजुळेंच्या चित्रपटाला मिळालेलं सर्वांत मोठं मत होतं. आज त्या मुक्या गर्दीच्या तोंडापुढे कुणीतरी माईक धरला असता, आणि माणसं शरमून ‘चार स्टार’ म्हणाली असती.

म्हणून माझं भांडण प्रेक्षकाशी नाही. त्याच्या तोंडातला शब्द काढून घेणाऱ्यांशी आहे, आणि त्यात आम्ही समीक्षक पहिले. ‘दुसरा भाग खेचलाय’ हे गावोगाव ऐकू येणारं वाक्य आम्ही अडाणी समजतो. खरं तर ती रचनेवरची अचूक टीका आहे. आपल्याकडे कथा मध्यंतराच्या धक्क्यापर्यंत लिहिली जाते आणि पुढे उरलेला वेळ भरला जातो. हे प्रेक्षक ओळखतो, कारण तो वेळ त्याच्या अंगावरून जातो.

निर्माते आणखी पुढे गेले आहेत. केरळमध्ये परीक्षणांचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण करू नये, अशी सूचना केली. २०२४ च्या अखेरीस तमिळ निर्मात्यांनी पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने ती दिली नाही, हे बरं झालं. पैसे घेऊन एखादा सिनेमा पाडणारे असतात, त्यांच्यावर जरूर कारवाई करा. पण पहिल्या खेळाला स्वतःच्या पैशाने बसलेल्या माणसाला ‘तीन दिवस गप्प बस’ असं सांगायचा हक्क कुणाला नाही. पोस्टरवर छापायला पहिल्याच रात्रीचं कौतुक हवं, आणि तक्रार मात्र सोमवारनंतर, हा कुठला न्याय?

आपल्या महाराष्ट्रात बंदीची गरजच पडत नाही, कारण आपण प्रेक्षकाला कर्तव्याच्या दावणीला बांधलं आहे. ‘मराठी माणसानेच मराठी सिनेमा जगवायचा.’ जुलै २०२५ मध्ये हिंदी ‘सैयारा’च्या लाटेत ‘येरे येरे पैसा ३’चे खेळ उतरवले गेले, आंदोलनं झाली. पडद्यासाठीचं ते भांडण न्याय्य होतं. २०१५ साली प्राइम टाइमसाठी झालेलं भांडणही न्याय्यच होतं. मराठी चित्रपटाला आपल्याच राज्यात संध्याकाळचा खेळ मागावा लागू नये, या मागणीत मी शेवटपर्यंत उभा राहीन. पण पडदा हा हक्क आहे आणि कौतुक हा हक्क नाही. हे दोन्ही एका दमात मागितले जातात तेव्हा प्रेक्षक ग्रेस मार्क देऊ लागतो. ‘मराठी आहे, चांगलं म्हणायला हवं,’ असं तो दाराशी म्हणतो, आणि पुढच्या वेळी ‘ओटीटीवर आला की बघू’ म्हणून घरी बसतो. खोटं कौतुक ही उधारी आहे. आज प्रेक्षक ती देतो, आणि पुढच्या शुक्रवारी रिकाम्या खुर्च्यांनी वसूल करतो.

ज्याला खरं बोलता येत नाही, तो परत येत नाही. हे नातं नाटकवाल्यांना ठाऊक आहे. प्रयोगानंतर रंगपटात येऊन ‘दुसरा अंक बसला नाही हो’ म्हणणारा रसिक त्यांना हवा असतो. सिनेमाला तो रसिक नको झाला आहे, त्याला फक्त हात वर करणारा जमाव हवा आहे.

मराठी चित्रपटावर प्रेम असेल तर दाराशी उभं राहून ‘किती’ विचारणं बंद करावं. ‘कुठे’ विचारावं. कुठे चुळबूळ झाली, कुठे घरातलं कुणी आठवलं, कुठे आपलं गाव आपलं राहिलं नाही. आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबावं. डोंबिवलीच्या त्या काकांचा हात अजून माझ्या डोळ्यांपुढे उचललेलाच आहे. त्यांच्या साडेतीनवरून कोकणावरचा पुढचा सिनेमा कुणालाही लिहिता येणार नाही. ‘दुसरो अर्धो मुंबयचो’ यावरून येईल.