‘मार्गिका’ : एका पारिभाषिक संज्ञेची मर्यादा

नागपूरच्या मेट्रोविषयी मराठीत जे शासकीय लेखन झाले आहे, त्यात ‘मार्गिका’ हा शब्द पदोपदी आढळतो. मेट्रोचे रूळ, महामार्गावरील एका वाहनाच्या रुंदीची वाट, आणि दोन गावांमधील वस्ती व दळणवळण यांचा सबंध प्रदेश, या तिन्ही अर्थी तो योजिला जातो. ‘इका’ हा प्रत्यय बहुधा लघुत्वदर्शक. पहिल्या दोन अर्थांस तो शोभतो, तिसऱ्यास मात्र आखूड पडतो. दोष कोशापुरता असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु योजनेचे मूल्यमापनही याच शब्दाच्या मापाने होऊ लागते.

सदरचे उदाहरण घ्यावे. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक हा मार्ग 11 डिसेंबर 2022 रोजी संपूर्ण खुला झाला. कस्तुरचंद पार्क, गड्डीगोदाम व कडबी चौक ही त्यावरील स्थानके सदरच्या कडेकडेने आहेत. मंगळवारी बाजारात जाणाऱ्यास तेथून पुढची वाट पायी अथवा रिक्षाने काढावी लागते. रुळांच्या हिशेबात हा भाग येतच नाही. गड्डीगोदामास रस्ता, लोहमार्ग, उड्डाणपूल आणि मेट्रो अशा चार पातळ्या एकमेकींवर रचल्या आहेत. स्थापत्याच्या दृष्टीने हे कौतुकास्पद खरेच. पण आगगाडीतून उतरून मेट्रोत बसण्याची सोय तेथे नाही.

दुसऱ्या टप्प्यास केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये मान्यता दिली. 43.8 किलोमीटर लांबी आणि सुमारे 6,708 कोटी रुपये खर्च असलेल्या या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी हा 13 किलोमीटरांचा भाग आहे. कामठी व कन्हान ही गावे हावड्याच्या लोहमार्गावर पूर्वीपासूनच आहेत. तेव्हा तेवढ्याच द्रव्यात गाड्यांच्या फेऱ्या वाढवून अथवा बसला राखीव वाट देऊन काय साधले असते, हे तपासल्यावाचून ‘सुधारणा’ हा शब्द वापरणे घाईचे होय. तुलना आजच्या गैरसोयीशी करून भागत नाही. ती उत्तम पर्यायाशी करावी लागते.

2017 च्या केंद्रीय मेट्रो धोरणात पर्यायांचे विश्लेषण आवश्यक मानले आहे, आणि स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटरांतील जोडवाहतुकीचाही विचार आहे. म्हणजे प्रदेशाची कल्पना धोरणात आहे. मराठी संज्ञेत ती उतरली नाही.

‘परिवहन-पट्टा’ हा शब्द अधिक समर्पक ठरेल. कापसाचा पट्टा, कोळशाचा पट्टा ही विदर्भाची रूढ भाषा आहे. अर्थात नागपुरात ‘पट्टा’ म्हटले की झोपडपट्टीतील मालकीपट्टे आधी आठवतात, ही अडचण परिभाषाकारांस सोडवावी लागेल.